खो मिळायच्या आधी

१२ जानेवारी, रविवार

आमच्या घरी एक फॉरवर्ड येणार आहे. मला फॉरवर्ड म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅपच आठवतं, पण ही जिवंत बाई आहे आणि पोटापाण्यासाठी सॉकर खेळते. इथे जवळच महिलांचा नवा क्लब निघालाय. त्यांना खेळाडूंच्या राहण्यासाठी घरं हवी आहेत: रिकामी खोली, शांत शेजार, बऱ्या स्वभावाची माणसं. आमची लेक आसावरी दूर बॉथेलला गेल्यापासून तिची वरची खोली रिकामीच आहे, आणि अल्फारेटात शांततेला तोटा नाही. माझ्या स्वभावाबद्दल मृणालने त्यांना काय सांगितलं, ते ती मला सांगत नाही.

मृणाल म्हणजे डॉक्टर मृणालिनी, माझी बायको. उभा जन्म लोकांची हाडं जोडून निवृत्त झाली. मी चंद्रशेखर, उभा जन्म जॉर्जियातले पूल तपासून निवृत्त झालो. सॉकरमधलं दोघांनाही ओ की ठो कळत नाही. मी विचारलं, फॉरवर्ड नक्की करते काय? "पुढे जाते," मृणाल म्हणाली. एवढ्यासाठी माणसाला पगार मिळतो, हे मला बघायचंच आहे.

१८ जानेवारी

आली. टेसा ब्रॅनिगन, ओहायोतल्या टोलेडोची, वय बत्तीस. दोन बॅगा आणि बुटांचे इतके जोड की मी मोजायचं सोडून दिलं. आइसलँडमध्ये खेळली, स्वीडनमध्ये खेळली, केंटकीत खेळली. मी प्रश्नांची सरबत्ती लावली. बाई दमल्या नाहीत. (तिचं इंग्रजी मी इथे मराठीत लिहिणार. डायरी माझी आहे.)

मी म्हटलं, मला काका म्हण. तिने टीममध्ये सांगितलं की मी काकांकडे राहते, तर सगळ्या हसून लोळल्या म्हणे, कारण त्या नावाचा एक मोठा ब्राझिलियन खेळाडू होऊन गेलाय. आता मी तिथे 'मिस्टर काका' आहे. सातारा-सांगलीकडचा माणूस, जाता जाता ब्राझीलचा झालो.

जेवताना तिने सरळच सांगितलं. करार जूनपर्यंतचा आहे. पुढचा मिळाला तर ठीक, नाहीतर संपलं. "एक वर्ष अजून हवंय मला. फक्त एक." मृणालने तिच्या ताटात आणखी भात वाढला.

एक गंमत. ती जिना उतरते उलटी, पाठ खालच्या बाजूला करून, कठडा धरून. विचारलं, तर म्हणाली मांड्यांसाठी चांगला व्यायाम आहे. उद्या करून बघतो.

२० जानेवारी

करून बघितलं. मृणालने ओरडून उतरवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली मॅच बघितली. थंडीत कुडकुडत, थर्मासमधल्या चहावर. टेसाचा नंबर नऊ. ती पळाली की माझा जीव वर-खाली होत होता, आणि ती पळाली की कडेच्या बाईचा झेंडाही वर जात होता. ऑफसाइड. पुन्हा पळाली, पुन्हा झेंडा. मी उठून विचारलं, अहो पण तिने केलं काय? शेजारच्या गृहस्थांनी मस्टर्ड लावलेल्या सॉसेजने हवेत आकृत्या काढून समजावलं. काही कळलं नाही, कोटावर डाग मात्र पडला.

३ फेब्रुवारी

कळलं! दाढी करताना कळलं. हा तर खो-खो आहे.

बॉल मारला जातो त्या क्षणी फॉरवर्डने समोरच्यांच्या शेवटच्या बचाववालीच्या पुढे असायचं नाही. मागे थांबायचं, बॉल सुटला की मग सुटायचं. म्हणजे खो मिळायच्या आधी उठायचं नाही. मिरजेच्या शाळेत आमच्या सरांनी यासाठी किती जणांच्या पाठी मऊ केल्या असतील.

टेसा प्रॅक्टिसवरून आल्याबरोबर तिला पकडलं. डायनिंगच्या सगळ्या खुर्च्या एका ओळीत मांडल्या, एकीचं तोंड फायरप्लेसकडे, दुसरीचं स्वयंपाकघराकडे. म्हटलं, ही बसलेली माणसं. मी पाठलाग करणारा. मला मागे वळता येत नाही, ओळ ओलांडता येत नाही. पळणारा ओळीपलीकडे निसटला, की मी बसलेल्याच्या पाठीवर थाप मारणार आणि मोठ्याने म्हणणार, खो. तो उठून पळणार, मी त्याच्या जागी बसणार.

"तो विचारत नाही, कुठे पळू?" टेसा म्हणाली.

"विचारायचं नाही. खो मिळाला की उठायचं."

तिला 'खो' म्हणता येईना. 'को', 'को' करत होती. मृणालने छातीतून हवा सोडून दाखवली. शेवटी असा खणखणीत निघाला की शेजारचं कुत्रं भुंकलं.

मग ती एका खुर्चीवर बसली, पाय लांब करून, आणि म्हणाली, "काका, ज्याने खो दिला तो बसला. म्हणजे तो आउट झाला?"

"आउट कसला? बसलेला खेळातच असतो. त्यालाही परत खो मिळतो."

"नक्की?"

म्हटलं, अगं नियम आहे. नियमात नक्की काय नि नाही काय.

२० फेब्रुवारी

फ्रीजर बिघडलाय. मटारची पिशवी दर वेळी अर्धवट वितळलेली आणि परत गोठून दगड झालेली सापडते. काल उसळ केली तर लगदा झाला. आइसक्रीम मात्र ठणठणीत. एकाच कप्प्यात एकच वस्तू वितळते, याला कारण असलंच पाहिजे. मृणालला म्हटलं, दुरुस्तीवाल्याला बोलावतो. ती म्हणाली, "शेखर, मटार तेवढे बदलून आण आणि विषय सोड." मी विषय सोडणारा माणूस नाही. तो उद्या येतोय.

२१ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याच्या मते फ्रीजरला काहीही झालेलं नाही. टेसा तोंडावर हात धरून वर निघून गेली. मला वाटतं हसत होती.

९ मार्च, रविवार

मराठी शाळेच्या मंजुषाचा फोन. रविवारच्या मुलांना काहीतरी देशी खेळ शिकवायचाय, टेसाने तिला किराणा दुकानात पकडून माझं नाव सांगितलं म्हणे. काका, तुम्ही खो-खो शिकवाल का, पार्कमध्ये, फक्त एक तास? म्हटलं, मंजुषा, माझं वय काय, त्या मुलांचं काय. मी आता बसलोय. तरुण कुणीतरी बघ. ती म्हणाली तरुण कुणाला येतच नाही. ते खरं आहे, पण त्याला मी काय करू.

आणखी एक नोंद करून ठेवतो. मृणाल आणि टेसा रोज संध्याकाळी दार लावून बसतात. मी गेलो की गप्प होतात. माझा अंदाज, माझ्या वाढदिवसासाठी तिला मराठीतून काहीतरी पाठ करून घेत असणार. मी काही कळल्याचं दाखवत नाही.

३० मार्च, पाडवा

घरामागच्या डेकवर गुढी उभारली. पाइनच्या परागांनी तांब्या तासाभरात पिवळा झाला.

टेसाने टीममधली ब्री जेवायला आणली. बावीस वर्षांची, नुकतीच कॉलेजमधून आलेली, तीही फॉरवर्डच. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून घर बघून आली आणि श्रीखंडाची वाटी चाटून पुसून परत केली. मला कळेना. दोघींची जागा एकच, मग ही त्या पोरीला जेवायला काय घालते? विचारलंच. टेसा म्हणाली, मी बावीसची असताना स्वीडनमध्ये एका म्हातारीने मला असंच जेवायला घातलं होतं. म्हातारी म्हणजे किती वयाची? "एकतीस," टेसा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मृणालच्या हौसेने पंगत जमिनीवर. ब्रीने बघता बघता मांडी घातली. टेसाला काही जमेना, एक पाय सरळ पुढे ठेवूनच जेवली. मी म्हटलं, गोऱ्यांच्या सांध्यांना लहानपणापासून सवय नसते. मृणालने माझ्याकडे अशी नजर टाकली की पुरी घशात अडकली. ब्रीही गोरीच होती, हे नंतर लक्षात आलं.

१२ एप्रिल, शनिवार

आज मी चिडलो, आणि बोललो. सगळ्यात चांगला बॉल मिळाला होता, पुढे फक्त गोलकीपर, आणि कडेच्या बाईंचा झेंडा वर. टेसा खो मिळायच्या आधी उठली. प्रत्येक वेळी उठते. कोचने तिला मॅच अर्ध्यावर असताना बाहेर घेतलं आणि ब्रीला पाठवलं.

गाडीत म्हटलं, टेसा, तुझ्यात सगळं आहे, पण तू उतावीळ आहेस. बत्तिसाव्या वर्षी एवढा उतावीळपणा बरा नव्हे. करार हवाय ना? मग थांबायला शीक. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "येस, काका."

घरी आल्यावर मृणालने मला गॅरेजमध्ये गाठलं. इतकी संतापलेली मी तिला क्वचित बघितली आहे. "तिला उतावीळ म्हणायचं नाही. पुन्हा म्हणायचं नाही." मग काय म्हणू, मी विचारलं. "काही म्हणू नकोस. एवढा चौकस आहेस ना, बोलण्याआधी जरा नीट बघ." आणि आत गेली. मी नाही तर कोण नीट बघतं? प्रत्येक मॅचला दुर्बीण नेतो.

१३ एप्रिल

माझं ऑफिस वर गेलं आणि टेसाची खोली खाली आली. मृणालचा निर्णय. कारण विचारलं, तर वर प्रकाश चांगला आहे म्हणे. मग इतकी वर्षं मी अंधारात का बसत होतो?

२६ एप्रिल, शनिवार

मृणाल म्हणाली नीट बघ, म्हणून प्रॅक्टिस बघायला गेलो. दुर्बीण नेली नाही, कुंपणापाशी उभा राहिलो.

कोच शिट्टी वाजवून दोघी-दोघींना पळवत होता. टेसा आणि ब्री एका रेषेवर. शिट्टी झाली, दोघी एकदम सुटल्या. उतावीळपणा नाही काही नाही, एकदम. आणि थोडं अंतर गेल्यावर ब्री पुढे. पुन्हा शिट्टी, पुन्हा ब्री पुढे. फार नाही. हातभर. टेसा परत चालत येताना डावा पाय कंबरेतून फिरवून टाकत होती, आणि कुणी बघत नाही असं वाटलं तेव्हा वाकून गुडघ्यावर हात ठेवून थांबली.

मग सगळं एकापाठोपाठ आलं. उलटा जिना. मटार. मांडी. खालची खोली. बंद दारामागे बसलेली हाडांची डॉक्टर. मी माझ्या वाढदिवसाची वाट बघत होतो. पुलावरची केसाएवढी भेग मी चालत्या गाडीतून ओळखायचो, आणि माझ्या घरात, माझ्या जिन्यावर, मला गुडघा दिसला नाही.

ती लवकर सुटते कारण तिला माहीत आहे, वेळेवर सुटली तर पोचणार नाही.

घरी येऊन मृणालला एवढंच म्हटलं, "ती उतावीळ नाहीये. हळू झालीये."

मृणाल कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "दिसलं एकदाचं." गुडघ्यातली गादी झिजून गेली आहे. जानेवारीतच तिने टेसाला सांगितलं होतं, जूनपर्यंत कसंबसं निभेल, त्यापुढे नाही. पुढच्या करारासाठी कसून तपासणी होईल, तिथे कळणारच. टेसाने ऐकलं, पण मानलं नाही. "आणि मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "कारण तुझ्या पोटात काही राहत नाही, आणि हे तिचं तिने ठरवायचं होतं." मला खूप वाईट वाटलं, आणि ते नुसतं टेसासाठी नव्हतं.

२७ एप्रिल

मटारच्या दोन पिशव्या आणल्या. एकीवर मार्करने मोठ्ठं लिहिलं, 'टेसा'. फ्रीजरमध्ये ठेवताना ती मागे येऊन उभी राहिली होती.

मी म्हटलं, मी गाडीत जे बोललो ते मूर्खासारखं बोललो.

"नियम तर बरोबर सांगितला होता तुम्ही," ती म्हणाली. खुर्चीवर पाय टाकून गुडघ्याला पिशवी लावून बसली, आता माझ्यासमोरच. मग विचारलं, "काका, बसलेल्याला कळतं का, परत खो कधी मिळणार?"

खोटं बोलवेना. "नाही कळत. म्हणून पाठ जागी ठेवून बसायचं."

"आणि मिळालाच नाही तर?"

म्हटलं, असं होतं कधी कधी. पण मी इतकी वर्षं खेळलो, जो पाठ जागी ठेवतो त्याला सहसा मिळतो. हे मला तेव्हा खरं वाटत होतं का, माहीत नाही. तिला खरं वाटावं असं मात्र फार वाटत होतं.

१७ मे, शनिवार

घरच्या मैदानावरची शेवटची मॅच. सकाळी टेसाने उपमा दोनदा घेतला. कराराचं काय, हे मी विचारलं नाही. माझ्यासाठी हा विक्रम आहे.

पहिल्या अर्ध्या खेळात तिला एक बॉल मिळाला. मी उभा होतो. मागून बॉल सुटायच्या क्षणी ती जागेवर होती. थांबली. अगदी बरोबर थांबली. बॉल सुटला आणि मग ती सुटली. झेंडा खालीच राहिला. माझा सल्ला शब्दन् शब्द पाळला गेला, आणि समोरची पोरगी मागून आली, तिला ओलांडून गेली आणि बॉल घेऊन निघून गेली. कुणीही ओरडलं नाही, कारण ओरडण्यासारखं काही घडलं नव्हतं. मला तेव्हा वाटलं, झेंडा वर गेला असता तर बरं झालं असतं.

टेसा तिथेच उभी राहिली. हसली. मी दुर्बिणीतून बघितलं, खरंच हसली.

दुसऱ्या अर्ध्यात तिने स्वतःच कोचकडे हात केला. मी मृणालला म्हटलं, हे काय, खेळाडू स्वतः मागते का बदली? मृणालनेही मान हलवली, तिला माहीत नव्हतं. कडेला नंबरांचा फलक वर गेला, नऊ लाल रंगात. ब्री रेषेवर उभी. इतर वेळी दोघी टाळी देतात आणि एक आत जाते, एक बाहेर. टेसा चालत आली, लंगडणं न लपवता. ब्रीने टाळीसाठी हात वर केला. टेसाने टाळी दिलीच नाही. तिला वळसा घालून मागे गेली, खांदे धरून तिचं तोंड मैदानाकडे केलं, आणि पाठीवर सपकन थाप मारून ओरडली,

"खो!"

वरच्या रांगेपर्यंत ऐकू आला. लोक हसले, टाळ्या वाजवल्या, त्यांना ती काहीतरी टीमची गंमत वाटली. ब्रीने विचारलं नाही, कुठे पळू. थाप बसली आणि ती सुटली.

टेसा बाकाकडे गेली. बाकावर इतरही जागा होत्या. ब्री जिथे बसली होती, जिथे तिची पाण्याची बाटली आणि टॉवेल पडला होता, बरोबर तिथे ती बसली, डावा पाय लांब करून, पाठ ताठ ठेवून.

त्या अख्ख्या स्टेडियममध्ये काय झालं ते आम्हा दोघांनाच कळलं होतं. मृणाल म्हणाली, "मलाही सांगितलं नव्हतं तिने." मी म्हटलं, "मला सांगितलं. आत्ताच." आणि मग मला चष्मा काढावा लागला. मृणालने कोटाच्या खिशातून रुमाल काढून दिला, तो माझाच होता.

स्कोअर काय झाला ते लिहायचं राहिलं. उद्या कुणाला तरी विचारतो.

१ जून, रविवार

टेसा गेली. आधी टोलेडो, आईकडे, तिथे गुडघ्याचं ऑपरेशन. मृणालने सर्जनशी फोनवर इतकं बोलून घेतलं की तो बिचारा आता तिला घाबरत असेल. पुढचं काही ठरलेलं नाही. क्लबने विचारलंय, लहान मुलींना शिकवशील का. अजून हो म्हणाली नाही. मी कारण विचारलं नाही. मी सुधारतोय.

तिच्या बॅगा गाडीत टाकायच्या म्हणून मी दाराजवळच्या बाकड्यावर बूट घालायला बसलो होतो. वाकलेला होतो, नाडी सापडत नव्हती. मागून पावलं आली, एक हलकं, एक जड. आणि पाठीवर अशी थाप बसली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"खो, काका."

'ख' अगदी स्वच्छ.

मी म्हटलं, अगं, कुठे? काय? मी तर...

"विचारायचं नाही," टेसा म्हणाली, मराठीत. मृणालने शिकवलं असणार. आणि मला हाताला धरून उठवलं, आणि माझ्या जागी स्वतः बसली, मटारची पिशवी गुडघ्यावर ठेवून, मी बॅगा टाकून येईपर्यंत.

तिची गाडी वळणावरून गेल्यावर घरात आलो. बाकडं रिकामं, पण ओलं. तिथूनच मंजुषाला फोन लावला. ती म्हणाली, काका, तुम्ही तर नाही म्हणाला होतात. म्हटलं, तेव्हा खो मिळाला नव्हता. तिला काही कळलं नाही, पण खूश झाली. रेषा आखायला चुना कुठे मिळेल म्हणाली. मी म्हटलं, गव्हाचं पीठ चालतं, मिरजेला आम्ही राखेने आखायचो. खांबांचं मी बघतो. पुलांचा माणूस आहे, दोन खांब काही जड नाहीत.